शाळा सुधारायची, तर पुढे कोणी यायचे?

(घाटंजी येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनातील पालक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या पालकांना सभेस येणे जमले नाही, त्यांना घरी निवांतपणे वाचता यावा म्हणून तो स्मरणिकेत देत आहोत.)





'शिक्षण आणि नेतृत्व' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी सूचना संस्थेच्या चिटणीसांनी केली, तेव्हा मला खरोखर संकोच वाटला. समोर ज्यांनी मला बाराखडी शिकवली ते गुरुजी बसले आहेत. माझे वय तिशीच्या घरातले, पदवी बी.ए., बी.एड., आणि अनुभव म्हणाल तर वर्गातल्या फळ्याएवढा. नेतृत्वावर बोलण्याचा माझा अधिकार काय? पण नंतर असे वाटले की, एका चुकीची कबुली देण्याचा अधिकार तर प्रत्येकालाच असतो. म्हणून आज मी उपदेश करण्याआधी एक कबुली देणार आहे.

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हार-तुरे, ध्वनिक्षेपक आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या येतात. मला ज्या नेतृत्वाविषयी बोलायचे आहे, त्याला हार मिळत नाही. शाळेच्या समितीच्या सभेला वेळेवर जाणारी आई, इतिवृत्त वाचल्याशिवाय सही न करणारा बाप, खेड्यावरची शाळा आपली समजून चालवणारा मुख्याध्यापक, आणि 'हे असे का?' म्हणून नम्रपणे पण ठामपणे विचारणारा विद्यार्थी, हे सारे माझ्या लेखी पुढारीच आहेत. जिल्हा परिषदेची, नगर परिषदेची वा अनुदानित, कोणतीही सार्वजनिक शाळा सुधारते ती अशा माणसांमुळे. आणि ही माणसे एकाच आळीतली, एकाच जातीची किंवा एकाच धर्माची असून चालत नाहीत. गावात जितक्या तऱ्हेची घरे, तितक्या घरांतून ती पुढे आली पाहिजेत. एवढे एकच सांगण्यासाठी मी उभा आहे.

आता कबुली. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत नोकरीला होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष शाळेपेक्षा माझा अधिक होता. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या समाजातील एका बाईंचे नाव होते. त्यांचे यजमान जिनिंगमध्ये हमालीला जात आणि त्या स्वतः हंगामात कापूस वेचणीला. समितीत स्त्रिया हव्यात, म्हणून त्यांचे नाव घातले होते, एवढेच. सभा होई तेव्हा त्या शेतात असत. मग संध्याकाळी इतिवृत्ताचे रजिस्टर त्यांच्या घरी जाई आणि सही होऊन परत येई. ते रजिस्टर घेऊन जाणारा मीच होतो.

एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे पान उघडून बोट ठेवले आणि म्हणालो, "भाभी, यहाँ दस्तख़त कर दो." त्यांनी पेन हातात घेतला, क्षणभर थांबल्या आणि विचारले, "सर, इसमें लिक्खा क्या है?"

मंडळी, मी पदवीधर माणूस, पण त्या प्रश्नाने मला घाम फुटला. कारण काय लिहिले आहे, ते मीही नीट वाचले नव्हते. मग आम्ही दोघांनी ते पान वाचले. मी वाचत होतो, त्या ऐकत होत्या. त्यात एक वाक्य होते की, शाळेत मुलींसाठी शौचालयाची सोय आहे व ती समाधानकारक आहे. त्या म्हणाल्या, माझी मुलगी तर दुपारच्या सुट्टीत घरी येते आणि परत जात नाही. कशी जाईल? तिथे कुलूप असते.

पुढच्या सभेला त्या अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आल्या. सबंध सभेत त्या एकच प्रश्न बोलल्या, "किल्ली कोणाकडे असते?" किल्ली कार्यालयातल्या कपाटात असे आणि मुलींना ती मागायची लाज वाटे. त्या दिवसापासून किल्ली एका शिक्षिकेकडे देण्यात आली, पाण्याची टाकी रोज भरण्याचे काम नेमून दिले गेले. त्यासाठी शासनाचा एक पैसाही जादा लागला नाही. दुपारनंतर वर्गातल्या मुलींच्या रिकाम्या जागा हळूहळू भरू लागल्या.

त्या खोलीत आम्ही सात-आठ शिकलेली माणसे होतो. आमच्यापैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नाही. आम्ही वाईट होतो असे नाही. पण ज्याच्या घरात तो त्रास होता, तो माणूस आजवर त्या खोलीत नव्हता. वेगवेगळ्या घरांतली माणसे कारभारात का हवीत, याचे यापेक्षा सोपे उत्तर मला ठाऊक नाही.

आणि ही काही कोणाची मेहेरबानी नाही, हा कायदा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. आणि समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहणे, ही समितीची कामे आहेत. अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांत ही समिती सल्ला देण्यापुरती असते, अशी दुरुस्ती २०१२ साली झाली. पण सल्ला देण्यासाठीही सभेला जावे लागते आणि आधी कागद वाचावा लागतो.

तेव्हा खुर्ची कायद्याने मांडून ठेवली आहे. प्रश्न एवढाच की, तिच्यावर बसण्याची तयारी आपण करतो काय?

बंधू-भगिनींनो, शाळा चालवणारी माणसे सर्व थरांतून यावीत, हा विचार आजचा नाही. तो याच महाराष्ट्राच्या मातीत फार पूर्वी मांडला गेला. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर आयोग नेमला. त्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. सरकारचा पैसा उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकरी-कष्टकऱ्यांचे प्राथमिक शिक्षण मागे पडते, हे त्यांनी दाखवून दिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. प्राथमिक शाळेतला शिक्षक कोण असावा, यावरही त्यांनी लिहिले. तो प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे तो लोकांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल आणि त्याला कष्टाच्या कामाची लाज वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा पगार दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, हेही त्यांनी आकड्यानिशी सांगितले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. जोतीरावांनी 'आपला माणूस नेमा' एवढेच म्हटले नाही, 'प्रशिक्षित असा आपला माणूस नेमा' असे म्हटले. आणि त्याला मानाने जगता येईल एवढे वेतन द्या, असेही म्हटले. माणूस आपल्यातला असणे आणि माणूस तयार असणे, या दोन्ही गोष्टी त्यांना हव्या होत्या. आपण पुष्कळदा पहिलीवरच भांडतो आणि दुसरी विसरतो.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या कार्यात फातिमा हे नाव येते, ते आपल्या मुलींनी विसरू नये. सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. आपण तिथे नसल्याने सारा भार फातिमावर पडला असेल, तरी ती कुरकुर करणारी नव्हे, असा त्यातील एका वाक्याचा आशय आहे. फातिमाबाईंविषयी कागदोपत्री फार थोडे उरले आहे. मला तर असे वाटते की, काम करणारे हात आपल्यात होते, पण त्या कामाची नोंद ठेवणारे हात नव्हते. म्हणूनच मी मघापासून रजिस्टर, इतिवृत्त, कागद असे म्हणतो आहे. ज्याचे नाव नोंदीत नाही, त्याचे काम पुढच्या पिढीला दिसत नाही.

आता कोल्हापूरकडे वळू या. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून आपल्या संस्थानात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहण्यास चालना दिली. मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती, अशी ती मालिका आहे. मुसलमान विद्यार्थ्यांची सोय त्यांनी आधी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगमध्ये केली. पुढे १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनी काढला होता, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

या साऱ्या गोष्टी सुट्या सुट्या नाहीत. जागा राखून ठेवल्या, तर त्या भरायला शिकलेली माणसे हवीत. माणसे शिकायची, तर खेड्यातल्या पोराला शहरात राहायला छप्पर हवे. आणि प्रत्येक समाजातून चार माणसे तयार झाली, की तीच आपल्या समाजाला शाळेकडे घेऊन येतील. नेतृत्व आभाळातून पडत नाही, ते वसतिगृहाच्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात वर्षानुवर्षे घडवावे लागते, हे महाराजांनी ओळखले होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे शिक्षण त्याच कोल्हापुरात झाले. ते जन्माने जैन कुटुंबातले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले त्यांनी एकाच छपराखाली, एकाच पंगतीला बसवली. ती मुले स्वतः कष्ट करून शिकत. पुढे १९३५ साली कर्मवीरांनी साताऱ्याला शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय काढले. आधी वसतिगृह, मग शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मग गावोगाव शाळा, हा क्रम पाहण्यासारखा आहे. इमारत बांधण्याआधी तीत उभा राहणारा माणूस त्यांनी तयार केला.

साताऱ्या-कोल्हापूरची उदाहरणे दूरची वाटत असतील, तर आपल्याच जिल्ह्यातले एक सांगतो. पुसदजवळच्या गहुली या बंजारा वस्तीत १९१३ साली वसंतराव नाईक जन्मले. तांड्यावरचा हा मुलगा शिकून वकील झाला आणि १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता, हे आपण सारे जाणतो. पण त्याआधीची एक गोष्ट आपल्या विषयाशी निगडित आहे. १९६० साली राज्याने लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. त्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. खेड्यांतल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या हाती आल्या त्या अशा. आज महाराष्ट्रातले लक्षावधी मूल ज्या शाळेत जाते, तिच्या कारभाराची घडी बसवण्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या माणसाचा हात आहे. तांड्यावर शाळाच पोहोचली नसती, तर तो माणूस कोठून आला असता?

आता आपल्या घाटंजी तालुक्याकडे पाहा. वाघाडी नदीच्या काठचे हे आपले गाव आणि भोवतालची खेडी मिळून किती बोली बोलल्या जातात! शहरात मराठी आणि उर्दू, तांड्यावर गोरमाटी, पोडावर कोलामी, आणखी पुढे गोंडी. तांड्यावरचे मूल आईला 'याडी' म्हणते, आपले मूल 'अम्मी' म्हणते, आणि दोघेही पहिल्या दिवशी शाळेत येऊन 'आई' हा शब्द शिकतात. त्या दिवशी समोरचा शिक्षक जर 'याडी' आणि 'अम्मी' हे दोन्ही शब्द ओळखणारा असेल, तर मुलाच्या मनातली भीती निम्मी होते. नसेल, तर मुलाला वाटते की, या घरात आपल्या आईला जागा नाही. मुले शाळा सोडतात त्याची सुरुवात पुष्कळदा इथून होते, गरिबी त्यानंतर धक्का देते.

आपल्या समाजाची स्थिती काय आहे, तेही स्वच्छ मनाने पाहू या. केंद्र सरकारने २००५ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिचा अहवाल २००६ साली आला. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील साक्षरता सुमारे ६५ टक्के होती, तर मुसलमानांची सुमारे ५९ टक्के. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुले एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती, किंवा त्यांनी मधूनच शाळा सोडली होती. हे आकडे आता जुने झाले, पुष्कळ सुधारणाही झाली असेल. पण त्या अहवालातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ३ ते ४ टक्के आढळले. याचा अर्थ सरळ आहे. आपली शिकणारी बहुसंख्य मुले सर्वांच्या शाळेत, सर्वांच्या मुलांबरोबर बसतात. म्हणून सार्वजनिक शाळा बिघडली तर आपले घर बिघडते, आणि ती सुधारली तर आपले घर सुधारते. 'आपली संस्था आहे, आपल्याला इतर शाळांशी काय करायचे?' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे की, हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. "सर, आपल्यातला माणूस नेमला म्हणून काय होणार? शेवटी काम गुणवत्तेवरच चालते." हा आक्षेप निम्मा खरा आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. आपल्या नात्यातला, आपल्या मोहल्ल्यातला माणूस म्हणून अपात्राला पुढे करणे हे नेतृत्व नव्हे. ती वशिलेबाजी आहे आणि तिचे पहिले बळी आपलीच मुले होतात. जो शिक्षक आपल्या जमातीचा आहे, पण आठवड्यातून दोन दिवस वर्गावर उशिरा येतो, तो आपला कसा? आणि जो कोलाम पोडावरून आलेला तरुण शिक्षक आपल्या मुलीला गणित जीव तोडून शिकवतो, तो परका कसा?

मी तर याही पुढे जाऊन म्हणेन की, आपला प्रतिनिधी समितीत गेला तर त्याने फक्त उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी बोलू नये. पोडावरच्या मुलाला गणवेश मिळाला काय, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे मूल पटावर आहे काय, अपंग मुलाला पायऱ्या चढता येतात काय, हेही त्याने विचारावे. असे विचारणारा माणूस मग एका समाजाचा पुढारी राहत नाही, तो शाळेचा पुढारी होतो. आपण असे वागलो, तरच उद्या दुसऱ्या समाजाचा माणूस आपल्या मुलीच्या प्रश्नासाठी उभा राहील.

दुसरा आक्षेप स्त्रियांविषयी असतो. बायकांना सभेत काय कळते, असे म्हणून त्यांच्या जागी नवरा किंवा दीर जाऊन बसतो. पंचायत राज्यात स्त्रियांना जागा मिळाल्या तेव्हाही हेच झाले. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या, पुढे २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी कारभार नवरेच पाहत. पण खुर्चीवर बसता बसता बायका बोलू लागल्या, हेही आपण आपल्या आसपासच्या गावांत पाहिले आहे. काम केल्यानेच काम कळते. मघाच्या भाभींनी कोणत्या महाविद्यालयात व्यवस्थापन शिकले होते? त्यांना फक्त एकदा पान वाचून दाखवावे लागले.

तेव्हा आता करायचे काय? निव्वळ तक्रारीने काही होत नाही, म्हणून प्रत्येकासाठी एक-दोन कामे सुचवतो.

पालकांनी आपल्या मुलाच्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे या आठवड्यात विचारून घ्यावे. निवडीची सभा असेल तेव्हा हजर राहावे. सभेत जाऊन भाषण करण्याची गरज नाही. चार प्रश्न पुरेत. पटावर किती मुले आहेत आणि आज हजर किती? वाचता न येणारी मुले किती आणि त्यांच्यासाठी काय चालले आहे? मुलींच्या सोयी चालू आहेत काय? आलेल्या पैशाचा हिशेब कोठे पाहायला मिळेल? हे प्रश्न रागाने विचारू नयेत. शिक्षक हा आपला शत्रू नाही. पुष्कळदा मुख्याध्यापकालाच वरच्या कार्यालयाकडे मागणी करण्यासाठी पालकांच्या ठरावाचे बळ हवे असते. आणि सही करण्यापूर्वी वाचावे. वाचता येत नसेल, तर आपल्या सातवीतल्या मुलीकडून वाचून घ्यावे. तिचेही शिक्षण होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी पहिले काम भाषेचे. उर्दू आपल्या घराची भाषा आहे, तिचा अभिमान बाळगा. पण जिल्हा परिषदेचा ठराव, पंचायत समितीचे परिपत्रक, शिक्षण खात्याचा अर्ज हे सारे मराठीत असते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. ती केवळ पास होण्यापुरती शिकू नका. ज्याला मराठीत अर्ज लिहिता येतो आणि चार लोकांत उभे राहून मुद्दा मांडता येतो, त्याचे कोणी रजिस्टर घरी पाठवून सही घेऊ शकत नाही. वर्गाचे ग्रंथालय सांभाळणे, सहलीचा हिशेब लिहिणे, परिपाठाचे संचालन करणे ही कामे टाळू नका. नेतृत्वाचे पहिले धडे तिथेच मिळतात.

आपल्या समाजातील पदवीधर मुलींना आणि त्यांच्या आई-वडिलांना मला विशेष सांगायचे आहे. दरवर्षी आपल्या मुली बारावीला, पदवीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात. आपण त्यांचा सत्कार करतो, हार घालतो आणि मग त्या प्रमाणपत्राला पेटीत ठेवतो. त्यांनी अध्यापनाची पदविका किंवा बी.एड. करावे. २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा घेतली जाते, तिचा अभ्यास करावा. ही परीक्षा कठीण आहे, पहिल्या वेळी यश न मिळाल्यास खचू नये. नेमणूक दूरच्या खेड्यात झाली तर अब्बांनी 'राहू दे' म्हणू नये. त्या खेड्यातल्या वर्गात बसलेल्या पंधरा मुलींना एक शिकलेली मुस्लिम मुलगी रोज खडू हातात घेऊन उभी दिसेल. तिच्या शेजारी एक गोंड मुलगी आणि एक बंजारा मुलगी शिक्षिका असतील. त्या पंधरा मुलींना भाषणाची गरज उरणार नाही.

माझ्या शिक्षक बांधवांनाही एक गोष्ट म्हणतो. आपण वर्ग चांगला घेतो, पण मुख्याध्यापकपद, केंद्रप्रमुखपद, शिक्षण विस्तार अधिकाऱ्याची परीक्षा म्हटली की आपण मागे सरतो. कटकट नको, असे म्हणतो. मग ज्या टेबलावर निर्णय होतो, तिथे आपल्या वस्तीची अडचण जाणणारा कोणी नसतो, आणि आपण स्टाफरूममध्ये कुरकुर करीत राहतो. जबाबदारी टाळणाऱ्याला तक्रार करण्याचा हक्क अर्धाच असतो.

आणि शेवटी संस्थेला एक सूचना. या संमेलनात आपण गुणवंतांचा गौरव करतो, तो करावाच. पण महिन्यातून एका रविवारी तालुक्यातील कोणत्याही शाळेच्या, कोणत्याही समाजाच्या समिती सदस्यांसाठी दोन तासांचा वर्ग आपल्या सभागृहात का भरू नये? इतिवृत्त कसे वाचावे, ठराव कसा लिहावा, आराखड्यात काय पाहावे, एवढेच शिकवावे. त्यासाठी मोठा निधी नको, एक फळा आणि एक सतरंजी पुरे. शिकवण्यासाठी मी माझे नाव पहिले देतो. एका सतरंजीवर तांड्यावरची बाई, पोडावरचा तरुण, आपल्या मोहल्ल्यातली खाला आणि बाजारपेठेतले शेठजी बसलेले मला पाहायचे आहेत.

मौलाना अबुल कलाम आझाद हे १९४७ पासून १९५८ साली त्यांचे निधन होईपर्यंत देशाचे शिक्षणमंत्री होते. त्यांचा जन्मदिवस, ११ नोव्हेंबर, २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. आपणही त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. येत्या ११ नोव्हेंबरला हार घातल्यावर आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन फक्त एवढे विचारा की, समितीची पुढची सभा कधी आहे. मौलानांना याहून मोठी आदरांजली मला सुचत नाही.

मी ती शाळा सोडून आता बरीच वर्षे झाली. ज्या मुलीसाठी तिच्या आईने किल्लीचा प्रश्न विचारला, ती मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन पुढे शिकते आहे. मधे बाजारात तिची आई भेटली. मी विचारले, "भाभी, अब भी मीटिंग में जाती हो?" त्या म्हणाल्या, "जाती हूँ सर. अब रजिस्टर मेरे घर नहीं आता, मैं रजिस्टर के पास जाती हूँ."

पालकहो, आपल्यापैकी प्रत्येकाने रजिस्टरापर्यंत चालत जावे, एवढीच माझी विनंती आहे.